व्हॅटच्या काळातला रेझ्युमे

जून २०२३. शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. आमच्या पुण्यातल्या, कर्वेनगरच्या सोसायटीतली एक शेजारीण प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये दोन पानं घेऊन आली आणि म्हणाली, "काकू, यातला गॅप कुठे लपवता येईल तेवढं सांगा."

मी वीस-बावीस वर्षं भोसरी, शिवणे, नऱ्हे भागातल्या लहान कारखान्यांना माणसं मिळवून दिली. अकाउंट्स, स्टोअर्स, डिस्पॅच, कधीकधी टेलिफोन ऑपरेटर (तेव्हा ती नोकरी होती). आता ते काम बंद केलंय, पण कुणाचा रेझ्युमे समोर आला की हातात पेन घेतल्याशिवाय राहवत नाही. त्या दोन पानांचं पुढच्या नऊ महिन्यांत काय काय झालं ते तिच्या परवानगीने लिहिते आहे. तिचं नाव देत नाही, कंपन्यांचीही नाही.

ती तेव्हा अडतीस वर्षांची. एम.कॉम. आधी तीन वर्षं नारायण पेठेत एका सीएंच्या ऑफिसात, मग २०१० पासून भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह. २०१३ मध्ये मुलगी झाली. बाळंतपणाची रजा १२ आठवडे, घरी सासूबाई खंबीर, निभावून गेलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये मुलगा झाला तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. जानेवारीत रजा संपली. कर्वेनगर ते भोसरी जाऊन-येऊन तीन तास, घरात तीन महिन्यांचं बाळ, आणि इतक्या लहान मुलाला घेणारं पाळणाघर जवळपास नाही. जानेवारी २०१७ मध्ये तिने राजीनामा दिला. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातली दुरुस्ती १ एप्रिल २०१७ पासून लागू झाली आणि पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची तरतूदही त्याच दुरुस्तीत आली. "सहा महिने उशिरा झाला असता तर कदाचित सोडलीच नसती," असं ती हसत म्हणते. हसते, पण म्हणते दर वेळी.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि व्हॅट, एक्साइज हे तिच्या रोजच्या कामातले जुने कर त्यात विरून गेले. त्या दिवसाबद्दल तिला एवढंच आठवतं, की धाकट्याला ताप होता.

पहिला मसुदा

पानावर मधोमध ठळक अक्षरात 'बायोडाटा'. उजव्या कोपऱ्यात साडीतला फोटो. खाली जन्मतारीख, पतीचं नाव, राष्ट्रीयत्व, 'वैवाहिक स्थिती: विवाहित, दोन अपत्ये', छंद: वाचन आणि रांगोळी. मी म्हटलं, "अगं, रास आणि गोत्र तेवढं राहिलंय. तेही घाल, स्थळं येतील."

मोबाइल नंबर नवऱ्याचा होता. का, तर "हे कायम उचलतात." आता कल्पना करा, सकाळी साडेअकराला एखाद्या कंपनीतून फोन येतो आणि हिंजवडीत मीटिंगमध्ये बसलेला माणूस दबक्या आवाजात सांगतो, की मी तिला निरोप देतो. पुढचा उमेदवार.

दुसऱ्या पानावर गॅपबद्दल आठ ओळी होत्या. मुलांचं संगोपन, सासूबाईंचं आजारपण, त्यांचं निधन, कोविड, ऑनलाइन शाळा, आणि शेवटी 'आता मुले मोठी झाली असून मी पूर्ण वेळ देऊ शकते.' अख्ख्या रेझ्युमेतला सगळ्यात मोठा परिच्छेद हाच. नोकरी मागणाऱ्या बाईने आधी रजेचा अर्ज लिहावा तसं ते वाटत होतं.

त्याच्याखाली कामाचा अनुभव, आणि तो मात्र फार चोख लिहिलेला: व्हॅटचं २३१ नंबरचं रिटर्न, ७०४ चं ऑडिट, एक्साइजचं ईआर-१, पार्ट्यांकडून सी फॉर्म गोळा करणं, एलबीटी (महापालिकेचा स्थानिक संस्था कर). वाचताना मला भोसरीची जुनी ऑफिसं आठवली, फायलींचा वास आला. पुण्यात एलबीटी आला एप्रिल २०१३ मध्ये आणि बहुतेक व्यापाऱ्यांसाठी १ ऑगस्ट २०१५ ला गेलासुद्धा. म्हणजे ती नोकरीत असतानाच मेलेला कर तिच्या रेझ्युमेत अभिमानाने उभा होता. हे मला खटकलं, पण त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला नाही. माझं सगळं लक्ष तिच्यासारखंच त्या आठ ओळींवर होतं.

माझा सल्ला, जो चुकला

मी तिला सांगितलं, तारखा मागे टाकू. वर कौशल्यं लिहू, खाली कंपन्यांची नावं, आणि अगदी तळाला नुसती वर्षं, बारीक अक्षरात. असा रेझ्युमे मी पुष्कळ पाहिला होता. पाहिल्यावर मी त्याचं काय करायचे हे मात्र सोयीस्कर विसरले: मी तो बाजूला ठेवायचे. तारखा नसल्या की माणूस काहीतरी झाकतोय असं वाटतं, आणि ढिगात आणखी चाळीस असतात.

जुलै-ऑगस्टमध्ये तिने नोकरी डॉट कॉमवरून आणि ओळखीतून तीसेक ठिकाणी अर्ज केले. चाकण, हिंजवडी, खराडी, जिथे दिसेल तिथे. फोन आले दोन. पहिल्याने विचारलं, "सध्या कुठे काम करता?" आणि ती गप्प झाली. दुसरी कन्सल्टन्सीतली मुलगी होती, आवाजावरून पंचविशीतली. तिने सरळ सांगितलं, "मॅडम, तुमच्या सीव्हीत तारखाच नाहीत, मग आम्ही पुढे पाठवतच नाही." मी बावीस वर्षांत जे करत होते तेच ती करत होती. तिचा मला राग आला, हे कबूल करते.

दहा जाहिराती

ऑगस्टमधल्या एका रविवारी मी तिला म्हटलं, रेझ्युमे आठ दिवस मिटून ठेव. आपल्या घरापासून दहा-बारा किलोमीटरच्या आतल्या अकाउंट्सच्या दहा जाहिराती छापून आण. मग थोरलीच्या दप्तरातला पिवळा हायलायटर घेऊन आम्ही बसलो आणि दोनपेक्षा जास्त वेळा येणारा प्रत्येक शब्द रंगवला. टॅलीप्राइम (हिशोबाचं सॉफ्टवेअर). जीएसटीआर-१ आणि ३बी (जीएसटीची रिटर्न). २बीचं रिकन्सिलिएशन (सप्लायरांनी दाखवलेल्या बिलांची आपल्या वह्यांशी जुळवणी). ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल). ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद). टीडीएस. बँक रिकन्सिलिएशन. फायनलायझेशनला (वर्षअखेरच्या हिशोबांना) मदत.

आठातले शेवटचे तीन तिच्याकडे होते. वरचे पाच ती सोडून गेली तेव्हा जन्मालाही आले नव्हते. टॅलीप्राइम २०२० च्या नोव्हेंबरात आलं. तिने हाताळलं होतं ते टॅलीचं जुनं ईआरपी ९, आणि तेही व्हॅटचं.

ती बराच वेळ कागदांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काकू, म्हणजे गॅप मुलांचा नाहीच. गॅप जीएसटीचा आहे."

या प्रकरणात मला जे सांगायचंय ते तिनेच सांगून टाकलं. लहान कारखान्याच्या मालकाला बाईने सात वर्षं मुलं सांभाळली याचं फारसं सोयरसुतक नसतं. त्याच्या डोक्यात तारखा असतात. सात तारखेला टीडीएस भरायचा. अकराला जीएसटीआर-१. चौदाला २बी येतं, त्यात सप्लायरचं बिल दिसलं नाही तर त्यावर भरलेल्या कराचं क्रेडिट घेता येत नाही. १ जानेवारी २०२२ पासून कायदाच तसा झालाय. वीसला ३बी. यातली एक तारीख हुकली तर व्याज आणि लेट फी त्याच्या खिशातून जाते. रेझ्युमे वाचताना तो एवढंच बघतो, की ही बाई वीस तारीख सांभाळेल का. आणि आमचा रेझ्युमे त्याला एलबीटीबद्दल सांगत होता.

वेळ मात्र आमच्या बाजूने होती. ई-इन्व्हॉइसची सक्ती ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना लागली आणि टप्प्याटप्प्याने खाली येत येत १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर आली. म्हणजे त्याच महिन्यात शिवणे, नऱ्हे, धायरीतली कितीतरी वर्कशॉप पहिल्यांदा त्या जाळ्यात आली होती आणि तिथे हाताला हात हवा होता.

शिकणं घरीच झालं. टॅलीचं शैक्षणिक मोडमधलं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. अट एकच, एन्ट्री फक्त महिन्याच्या एक, दोन आणि एकतीस तारखेलाच पडते. दुपारी मुलं यायच्या आत तिची एक काल्पनिक कंपनी चालायची आणि तिथली सगळी खरेदी-विक्री एक, दोन आणि एकतीसलाच व्हायची. अप्पा बळवंत चौकातल्या एका क्लासचं तीन महिन्यांचं सर्टिफिकेट घ्यावं का, असं तिने विचारलं. मी नको म्हटलं. दहा वर्षांच्या अनुभवावर तसलं सर्टिफिकेट चिकटवलं की माणूस फ्रेशर दिसतो. याबाबत माझं ऐकायलाच हवं असं नाही.

मग तिने नारायण पेठेतल्या जुन्या सीएंना फोन केला. सहा दिवस नंबर समोर ठेवून, सातव्या दिवशी. आणि इथे सगळंच उलटं झालं. राज्य सरकारने २०२३ मध्ये जुन्या व्हॅट आणि तत्सम करांच्या थकबाकीसाठी अभय योजना (सवलतीत थकबाकी मिटवायची सोय) काढली होती, पैसे भरायची मुदत ३१ ऑक्टोबर. सीएंकडे जुनी प्रकरणं साचलेली, आणि ऑफिसातली पोरं सगळी जीएसटीनंतरची. "७०४ वाचता येणारं माणूसच मिळत नाहीये," ते म्हणाले. "उद्या ये." ज्या ओळी मी जवळजवळ खोडल्या होत्या त्यांनीच तिला आत नेलं. सप्टेंबरपासून रोज साडेदहा ते दीड, महिना ₹९,०००. ऑक्टोबरनंतर तिने तिथेच जीएसटीची कामं घेतली.

नवं पान

डिसेंबरमध्ये आम्ही रेझ्युमे नव्याने लिहिला. एकच पान. अर्थातच इंग्रजीत, इथे मराठीत देते.

सगळ्यात वर अनुभव, अलीकडचा आधी: 'सप्टेंबर २०२३ ते आजपर्यंत. अकाउंट्स असिस्टंट (अर्धवेळ), सीए ऑफिस, नारायण पेठ. ११ क्लायंटचे जीएसटीआर-१ आणि ३बी; दरमहा २बीची जुळवणी; टॅलीप्राइममधून ई-इन्व्हॉइस व ई-वे बिल; अभय योजनेतील १४ जुन्या व्हॅट प्रकरणांची कागदपत्रे.'

त्याखाली: 'फेब्रुवारी २०१७ ते ऑगस्ट २०२३. मुलांच्या संगोपनासाठी नोकरीतून विराम. या काळात गृहनिर्माण संस्थेची मानद खजिनदार (२०२०–२०२३): ४८ सदनिका, थकबाकी ६.४ लाखांवरून १.१ लाखांवर, ताळेबंद व ऑडिटची तयारी.'

आठ ओळींचं एक वाक्य झालं. सासूबाई गेल्या, कोविड गेला, 'आता मुले मोठी झाली' गेलं. खजिनदारकीवरून आमची वादावादी झाली. "ते काय काकू, सोसायटीचंच तर काम." मी त्याच सोसायटीत राहते. थकबाकीदारांच्या दारावर उपविधी घेऊन उभं राहून, २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावता येतं हे शांतपणे वाचून दाखवणारी ही बाई मी पाहिली आहे. पार्टीकडून येणी वसूल करणं यापेक्षा वेगळं काय असतं? फक्त 'मानद' हा शब्द काढायचा नाही, नाहीतर पगाराची स्लिप मागतात. जाऊबाईंच्या दिवाळीच्या फराळाचे हिशोब तिने दोन वर्षं ठेवले होते, ते आम्ही घेतले नाहीत. विचारलं तर साक्षीदार घरचेच.

'मल्टिटास्किंग', 'संयम', 'वेळेचं नियोजन' हे तिने कुठूनतरी आणलं होतं. आई झाल्यामुळे अंगी आलेले गुण म्हणे. येतात, खरंच येतात. पण मालकाच्या घरीही एक आई असते, तिच्या संयमाचे तो पैसे देत नाही. काढून टाकलं.

भोसरीच्या अनुभवात व्हॅट-एक्साइज एका ओळीत बसवलं आणि कुठल्याही राजवटीत न बदलणारी कामं वर आणली: डेटर्स-क्रेडिटर्स, स्टॉक, बँकेचं स्टेटमेंट, वर्षअखेर. एलबीटीला निरोप.

नावाचा घोळ वेगळाच. बी.कॉम., एम.कॉम.च्या मार्कशीट आणि सीएंचं जुनं पत्र माहेरच्या नावाने. पॅन, आधार आणि भोसरीचं रिलीव्हिंग लेटर सासरच्या. आपल्याकडे लग्नानंतर आडनावाबरोबर मधलं नावही बदलतं, त्यामुळे कागदावर दोन पूर्ण वेगळ्या बायका दिसतात. रेझ्युमेवर पॅनवरचं नाव, खाली लहान अक्षरात माहेरचं, आणि लग्नाच्या प्रमाणपत्राची प्रत फोल्डरमध्ये तयार. तारखाही यूएएनशी ताडून पाहिल्या. पीएफचा हा नंबर २०१४ पासून आहे आणि बरेच मालक त्यावरून जुनी नोकरी तपासतात. तिने भोसरीची सुरुवात जानेवारी २०१० लिहिली होती, पीएफमध्ये एप्रिल. पहिले तीन महिने ट्रेनी म्हणून होते, तसं लिहिलं. तीन महिन्यांचा फरक कोणी विचारतही नाही, पण विचारला आणि उत्तर आलं नाही तर सात वर्षांपेक्षा तो जड जातो.

फोन नंबर स्वतःचा. फोटो नाही. पत्त्यात फक्त 'कर्वेनगर, पुणे'. तो एक शब्द चाकणच्या कंपनीत आपल्याविरुद्ध जातो आणि वारजे-शिवण्यात आपल्या बाजूने, म्हणून चाकण, खराडी आणि हिंजवडी सोडून दिलं. ऑगस्टमध्ये मेट्रो वनाजपासून रुबी हॉलपर्यंत सुरू झाली होती, तेव्हा नळ स्टॉपवरून गाठता येणारं शिवाजीनगर यादीत घेतलं.

तीन मुलाखती

जानेवारी-फेब्रुवारीत अकरा अर्ज, पाच फोन, तीन मुलाखती.

पहिली कोथरूडमध्ये एका डिस्ट्रिब्यूटरकडे. दुसराच प्रश्न, "मुलांना कोण सांभाळतं?" रेझ्युमेतून काढलेल्या आठही ओळी तिने तिथे तोंडी म्हणून दाखवल्या. पुन्हा फोन आला नाही. हा प्रश्न तिच्या नवऱ्याला जन्मात कोणी विचारलेला नाही, हे मला माहीत आहे आणि तिलाही. पण खुर्चीत बसल्यावर उत्तर लागतंच. आम्ही ते तीन वाक्यांत बसवलं आणि माझ्या स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता दहा वेळा घोकलं: "व्हॅन आहे, दुपारी पाळणाघर आहे. रिटर्नच्या तारखांना मी उशिरा थांबते. एरवी सहाला निघेन." शेवटच्या वाक्याला तिचा आवाज खाली जायचा. तो जाऊ द्यायचा नाही, एवढीच तालीम.

दुसरी शिवाजीनगरला. काम बरं, पण "गॅप आहे तेव्हा अठरा हजारांपासून सुरू करू." ती नाही म्हणून आली. मला वाटलं, घाई केली. बोलले नाही.

तिसरी शिवण्यात, फेब्रुवारीच्या शेवटी. शीट मेटलचं वर्कशॉप, उलाढाल सहा कोटींच्या आसपास, मालक साठीचे. त्यांनी पान वाचलं, अभय योजनेच्या ओळीवर थांबले, "आमचंही एक लटकलं होतं" म्हणाले आणि हसले. मुलांचा प्रश्न आला, तीन वाक्यं गेली. मग त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का.

तिने विचारलं, "आपल्या सप्लायरांपैकी उद्यम नोंदणी कोणाकोणाची आहे, त्याची यादी झालीय का?"

सीएंच्या ऑफिसात त्या महिन्यात दुसरा विषयच नव्हता. प्राप्तिकराच्या कलम ४३बीमध्ये नवीन 'एच' उपकलम आलं होतं आणि २०२३-२४ च्या हिशोबापासून ते लागू होतं: उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत चुकतं करायचं. मुदत टळली आणि ३१ मार्चलाही ते बाकीच राहिलं, तर त्या वर्षी तो खर्च वजा मिळत नाही. नफा फुगतो आणि कर वाढतो. शिवण्याच्या वर्कशॉपला पत्रा कापून देणारे, प्लेटिंग करून देणारे सगळे याच गटातले, आणि नव्वद दिवसांची उधारी ही तिथली रीतच. मालकांनी आतल्या खोलीतून पुतण्याला हाक मारली. यादी झालेली नव्हती. ३१ मार्चला पाच आठवडे उरले होते.

पगारावर घासाघीस झाली. मी तीस माग म्हणाले होते. तिने अठ्ठावीस मागितले, सव्वीसवर ठरलं, ऑक्टोबरमध्ये फेरविचार. जानेवारी २०१७ चा तिचा पगार ₹२४,५०० होता. सात वर्षांत दीड हजार. पुतण्याने यादीसाठी तिला मार्चमध्येच चार शनिवार बोलावलं, त्याचे वेगळे पैसे दिले, आणि १ एप्रिल २०२४ ला ती रीतसर रुजू झाली. स्कूटरवर वीस मिनिटं.

ऑक्टोबरची पंधरा तारीख उलटली तरी फेरविचाराचा विषय निघालेला नव्हता. जिन्यात भेटली तेव्हा मी म्हटलं, "अगं, तू स्वतः काढ विषय. ठरलेलं आहे."

"काढते काकू," ती दोन पायऱ्या एकदम उतरत म्हणाली. "वीस तारीख होऊ दे."